कोळशाच्या धड्यातला आरोपी

ऑनलाइन फाइलमध्ये कॉमेंटच्या डोक्यावर एक बटण असतं. 'रिझॉल्व्ह' म्हणतात त्याला. दाबलं की कॉमेंट गायब. ज्यानं तक्रार केली त्याला विचारायचीही गरज नाही. या बटणाचा मला इतका राग होता की ते बनवणारा समोर आला असता, तर आमच्या वस्तीतल्या भाषेत दोन शब्द ऐकून गेला असता.

त्या आठवड्यात ते बटण एका मॅडमच्या कॉमेंटवर दाबलं गेलं. मॅडम मलावीतल्या एका फॉरेस्ट्री कॉलेजमध्ये शिकवतात. आमच्या पुस्तकात कोळशाचा धडा होता. त्यात एक चित्र होतं. उजाड माळ, डोक्यावर कोळशाची गोणी घेतलेली एक बाई, आणि खाली ओळ: 'जंगल संपवणारे हात'. मॅडमनी बाजूच्या पिवळ्या चौकटीत लिहिलं होतं, "हे चित्र काढा. माझ्या वर्गात या बाईच्या मुली बसतात." आमच्या प्रोफेसरनं खाली लिहिलं, "थँक यू, फार मोलाची सूचना." आणि बटण दाबलं. चौकट गेली. बाई गोणी घेऊन उभीच.

आम्ही ओहायोतल्या एका युनिव्हर्सिटीत बसून आफ्रिकेतल्या फॉरेस्ट्री कॉलेजांसाठी हवामानबदलाचे धडे तयार करत होतो. पाऊस का सरकतोय, झाडात कार्बन कसा साठतो, तोडलेलं जंगल पुन्हा कसं उभं राहतं, असलं सगळं. लिहायचं इथे, शिकवायचं तिथे. तिथले शिक्षक फक्त 'रिव्ह्यू' करणार. म्हणजे चौकटीत लिहिणार, आणि आम्ही बटण दाबणार. शुक्रवारी फाइल बंद होऊन छपाईला जायची होती. मॅडमच्या कॉलेजचं नवं सत्र याच पुस्तकावर सुरू होणार होतं. म्हणजे ते चित्र घेऊन त्या मुलींसमोर मॅडमनाच उभं राहायचं होतं. प्रोफेसरला नाही, मलाही नाही.

मी या टीममध्ये आले ती भाषा सोपी करायला. माझं खरं शिक्षण पत्रकांवर झालेलं. चंद्रपूरकडे आम्ही पत्रकं काढायचो. एका पानात काय झालं, कोणी केलं, आमची मागणी काय. छापायच्या आधी विहारासमोर वंदना झाली की कोणीतरी ते मोठ्यानं वाचायचं. बायका, म्हातारे, पोरं ऐकायची. ज्या ओळीला माणसं खाली बघायला लागली किंवा पदराशी चाळा करायला लागली, ती ओळ तिथल्या तिथे कापायची. कशाला कापली म्हणून वाद नाही. पत्रक डोळ्यांनी तपासायचं नसतं, तोंडानं तपासायचं असतं, हे मी शाळेत नाही, तिथे शिकले.

रविवारी मला घरात बसवेना. मी ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावात एका ताईंच्या बेसमेंटमध्ये राहते. ताई नागपूरच्या, इथे इन्शुरन्स कंपनीत मोठ्या पदावर. त्या दिवशी त्यांनी भरताची वांगी मागच्या अंगणातल्या ग्रिलवर टाकली होती. घरात भाजली की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून भरीत म्हणजे कोळसा आणि अंगण. मी गराजपासून ग्रिलपर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"बस ना जरा," ताई म्हणाल्या. "सकाळपासून माझं ड्राइव्हवे झिजवून राहिली."

"ताई, त्यानं बटण दाबलं. साधं विचारलं पण नाही."

"तुझ्या व्हिसावर कोणाची सही आहे?"

"त्याची."

"मग वांगं फिरव. पत्रकं काढायची तर ग्रीन कार्डनंतर काढ."

"तोवर जंगल राहील का?"

"तोवर मी तरी राहते का बघ. फिरव गं, जळालं ते!"

वांगं फिरवताना माझी नजर कोळशाच्या पिशवीवर गेली. सुपरमार्केटची, चकचकीत. कुठल्या झाडाचा कोळसा, कोणी पाडलं, कोणी भट्टी लावली, काहीच लिहिलेलं नाही. लॉनवर हसणारं एक कुटुंब तेवढं छापलेलं. इथे कोळसा जाळणारा हसतो आणि तिथे कोळसा विकणारी जंगल संपवते! मी पिशवी ताईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "भाषण जेवल्यावर." पण जेवताना त्याच म्हणाल्या, "अन् माय, लिहायचं असेल तर नीट लिही. अर्धवट भांडू नको."

एवढं पुरे होतं. मी सोमवारी बसले आणि धडा नव्यानं लिहिला. हात थांबेना. कोळशावाल्या बाईला मी पहिल्या ओळीतच सोडवलं. तिच्या जागी लाकडाचे ठेकेदार उभे केले, त्यांना परवाने देणारे अधिकारी उभे केले, श्रीमंत देशांची धुराडी उभी केली. आणि नाक्यावर गोणी जप्त करणारा फॉरेस्ट गार्ड. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त शाई खर्च केली. माझी आई मोळीला जायची. गार्डनं तिची कुऱ्हाड काढून घेतली तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. कुऱ्हाड परत मागताना तिनं त्याला 'साहेब' म्हटलं होतं. तो 'साहेब' माझ्या कानातून अजून गेलेला नाही. तेव्हा गार्डला मी सोडणार नव्हतेच.

बुधवारी सकाळी मीटिंग होती. आम्ही कॉफी घेऊन, मॅडम पडद्यावर. त्यांच्याकडे दुपार. मागे स्टाफरूमचं कपाट, आणि मधूनच घंटा. मी सुरुवातीलाच म्हटलं, "आज कॉमेंट नकोत. मॅडमनी हा धडा वर्गात वाचतात तसा मोठ्यानं वाचावा. आम्ही ऐकू."

प्रोफेसर गोंधळला. "सगळ्यांनी वाचलाय की तो."

"ऐकलेला नाही."

तो वाईट माणूस नाही. सायकलवर येतो, सगळ्यांसाठी डोनट आणतो, मला 'सर' म्हणू देत नाही, नावानं हाक मार म्हणतो. अडचण नेमकी हीच होती. वाईट असता तर त्याच्यावर पत्रक काढता आलं असतं. त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, "ठीक आहे, वाचू या."

मॅडमनी आधी जुना धडा घेतला. आवाज दणदणीत, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. पहिला परिच्छेद सरळ गेला. मग चित्राखालची ओळ आली. 'जंगल संपवणारे...' आणि त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, नेट गेलं. पण त्यांच्या पापण्या हलत होत्या.

"मॅडम?" प्रोफेसर म्हणाला.

"मी वर्गात आहे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे. तिची आई सायकलवर गोण्या घेऊन शहरात येते. ती मुलगी माझ्याकडे बघतेय. आता पुढे काय वाचू ते तुम्ही सांगा."

 एकानं डोनटचा डबा उगाचच सरळ केला. आमच्या वस्तीत याला ओळ कापली म्हणतात. मी मनातल्या मनात टाळी वाजवली आणि लगेच म्हटलं, "आता माझा वाचा."

माझाही त्यांनी चवीनं वाचला. ठेकेदाराच्या ओळीला हसल्या. धुराड्यांच्या ओळीला "बरोबर!" म्हणाल्या, आणि प्रोफेसरनं कॉफीत बघितलं. मी खुर्चीच्या टोकावर आले. मग गार्डची ओळ आली. 'नाक्यावर उभा असलेला हा हात गरिबाची चूल विझवतो.' मॅडम थांबल्या.

मला वाटलं, दाद देतायत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माझी पोरं पास होऊन काय होतात?"

 फॉरेस्ट्री कॉलेज. दुसरं काय होणार? गार्ड होऊन नाक्यावर उभी राहणार.

"त्या मुलीच्या आईला तू आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलंस," मॅडम म्हणाल्या, "आणि मुलीला आत उभं केलंस."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? चूक कळली की माणूस नम्र वगैरे होतो म्हणतात, मी नाही झाले. मी म्हटलं, "मग आरोपी कोणीच नाही? जंगल काय स्वतःच्या पायानं चालत गेलं? गार्डनं गोण्या घेतल्या नाहीत?"

"घेतल्या. घेतात."

"मग?"

"तुझं पान पत्रक म्हणून दे. मी स्वतः स्टाफरूमच्या दाराला लावीन. पण धड्यात मला पोरांना उद्यापासून काय करायचं ते सांगायचंय. आणि तू सगळ्यांना विचारलंस, एक सोडून. कोळसा घेतं कोण?"

"शहरातली माणसं."

"शहरातली कोण? आज सकाळी माझी पेज कशावर शिजली?"

"गॅसवर?"

"कोळशावर," त्या म्हणाल्या. "गोणी माझ्या मागच्या दाराशी आहे. वीज कधी जाईल नेम नाही, गॅस परवडत नाही. मी फॉरेस्ट्री शिकवते आणि कोळशावर रांधते. लिही."

मला ताईंचं ग्रिल आठवलं आणि फार चिडचिड झाली. ती पिशवी रविवारी मी स्वतः उचलून तिच्यावर भाषण द्यायला निघाले होते. आणि भरीत दोनदा घेतलं होतं.

मीटिंग संपली तरी आम्ही दोघी कॉलवर राहिलो. धडा पुन्हा लिहायला घेतला, त्या बोलतायत आणि मी टाइप करतेय. पहिली ओळ ठरली: 'काल तुमच्या घरी स्वयंपाक कशावर झाला?' उत्तर आधी शिक्षकानं द्यायचं, मग वर्गानं. पुढे भट्टीत लाकूड वाया कुठे जातं ते. तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात, त्यातले किती राखायचे, ते गावाबरोबर बसून ठरवायचं, ते. पाऊस उशिरा आला की कोवळे फुटवे वाळतात, म्हणून तोडीचा काळ कसा बदलायचा, ते. मला मधूनच उठून फिरावं लागत होतं. मॅडमना खुर्चीचा आवाज कळायचा. "गेलीस का पुन्हा फिरायला?" म्हणायच्या.

एका ओळीवरून मी हटले नाही. गार्ड धड्यात हवा म्हणजे हवा. शेवटी मी तो प्रश्न म्हणून लिहिला: 'जप्त झालेली गोणी नाक्यावरून पुढे कुठे जाते?'

मॅडमनी तो मोठ्यानं वाचून बघितला. मग म्हणाल्या, "ठेव. उत्तर लिहू नको. उत्तर माझ्या वर्गातून येईल, आणि चांगलं मोठ्यानं येईल."

प्रोफेसरनं नवा धडा मान्य केला. खरं सांगायचं तर आवडला त्याला. पण चित्र? चित्र वर्गात पडद्यावर दाखवायच्या स्लाइडमध्येही होतं आणि स्लाइड आधीच पक्क्या होऊन सगळ्या कॉलेजांना गेल्या होत्या. पुस्तकातून चित्र निघालं, पडद्यावर राहिलं. "पुढच्या आवृत्तीत नक्की," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग माझं नाव काढा." तो खरंच दुखावला. मी मॅडमना फोन लावला, म्हटलं की मी सोडतेय.

"तुझं नाव गेलं की चित्र जाईल?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नाव राहू दे. आमच्याकडे दुपारी वीज जाते. वीज गेली की तुमचं चित्रही जातं. पुस्तक राहतं." आणि त्या खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही.

सत्र सुरू झालं तेव्हा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मी पार्किंग लॉटमध्ये उभी राहून ऐकला. त्या दिवशी नेमकी वीज होती. संध्याकाळपर्यंत गेलीच नाही. स्लाइड पुढे सरकली आणि बाई गोणी घेऊन भिंतीवर आली, खाली ती ओळ. बंद करायचं बटण सापडेना. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली.

मॅडम प्रोजेक्टरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. चित्र त्यांच्या अंगावर पडलं, ओळ त्यांच्या पोटावर. "मी म्हटलं," त्या सांगत होत्या, "काल माझा स्वयंपाक या बाईच्या कोळशावर झाला. तुमचा?"

 मग पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला, "आमचाही." मग बरेच. सगळ्यात शेवटी ती मुलगी उठली आणि म्हणाली, "आमचा लाकडावर झाला. कोळसा आम्ही विकतो." वर्ग हसला, तीही हसली. गोणीच्या प्रश्नावर तर तास संपून गेला तरी आवाज थांबेना, शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला आले.

संध्याकाळी मेसेज ताईंना ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला. "बाई जबरदस्त आहे यार," म्हणाल्या. "आता तरी बसशील?"

नाही बसले. मॅडमना पडद्यासमोर उभं राहावं लागलं, ते का? इथे एका माणसाला एक चित्र बदलायचा कंटाळा होता म्हणून. प्रत्येक कॉलेजात काही त्यांच्यासारखी बाई नसेल. कुठेतरी ती ओळ सरळ वाचली जाईल, आणि कोणी मान खाली घालेल, आणि ते आम्हाला कळणारही नाही.

बेसमेंटमध्ये जाऊन मी स्लाइडच्या पुढच्या आवृत्तीची फाइल उघडली. चित्र तिथेच. बाजूला चौकट उघडून लिहिलं, "हे चित्र काढा." खाली मॅडमनी वर्गात काय केलं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरच्या दारात उभी राहून ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो ऐकताना खाली बघत होता.

चौकट अजून तिथे आहे. बटण त्यानं दाबलेलं नाही, चित्रही काढलेलं नाही. रोज सकाळी उठले की मी चहाच्या आधी तेच उघडून बघते.