स्टेअरिंगची जागा

मोटरबोटीचं स्टेअरिंग पुढे बसवायचा हट्ट माझा होता. आमच्या गावाची निम्मी शेती धरणाच्या पाण्यापलीकडे. ग्रामपंचायतीने बोट घ्यायची ठरवली तेव्हा मी उपसरपंच होतो आणि आयुष्यात फक्त ट्रॅक्टर आणि जीप चालवली होती.

बोट चालवणार होते नाववाले मामा. तहसीलदार आले तरी ‘साहेब, मधी बसा, कडंला न्हाई’ म्हणून त्यांना उठवणारा माणूस. नांदेडला बोट तयार होत असताना ते मला म्हणाले, “स्टेअरिंग मागं घे. माणसं माझ्या डोळ्यापुढं पाहिजेत. पाठीमागं कोण पडलं तर मला कसं कळंल?”

चालवणारा सगळ्यांच्या मागे बसतो अशी गाडी कुठे पाहिलीत, असं मी हसत विचारलं.

“ही गाडी न्हाई, बापू,” इतकंच ते बोलले.

त्याच वर्षी सोयाबीन काढायला निघालेली सखूबाई मागच्या कडेवरून पाण्यात पडली. इंजिनाच्या आवाजात मामांना काही ऐकू आलं नाही. बायकांनी त्यांचा खांदा हलवला तोवर बोट बरीच पुढे गेली होती. मामांनीच उडी घेऊन तिला बाहेर काढलं. ती वाचली.

ग्रामसभेत लोक चिडलेले. मी उठून सांगितलं, चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं. मामांनी माफीनामा दिला तर काम राहील, असं ठरलं. त्यांनी कागद शांतपणे वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला. “सही येते मला. ह्याच्यावर करणार न्हाई. आन् त्या खुर्चीवर बी बसणार न्हाई.”

ते रोजंदारीला जाऊ लागले. पलीकडच्या शेतात काम असलं तर धरणाला पायी वळसा घालायचे, बोटीत पाय ठेवायचे नाहीत. वाटेत भेटले की रामराम मात्र आधी त्यांचाच. तो मला फार लागायचा.

यंदा नवा चालक आजारी पडला म्हणून एक दिवस मीच बोट चालवली. मागे पंधरा माणसं होती. मला एकही दिसत नव्हता.

संध्याकाळी मामांच्या घरी जाऊन हात जोडले, चूक माझीच होती म्हणालो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “हे घरात कशाला सांगायलास? माझं नाव चारचौघांत घेतलं व्हतंस.”

स्टेअरिंग मागे बसवून घेतलं. पुढच्या ग्रामसभेत उभा राहिलो. मामा दाराशीच थांबले होते.

“त्या दिवशी मामांचं लक्ष होतं,” मी म्हणालो. “माणसं दिसणार नाहीत अशा जागी त्यांना मी बसवलं, आणि इथं उभं राहून खोटं बोललो. मामा, मला माफ करा.”