काडी तपासून मिळेल

माझ्याकडे एके काळी ब्लाऊजपीस किती होते ते विचारू नका. लोखंडी कपाटाचे दोन कप्पे गच्च भरले होते. द्राक्षबागेत सल्ला द्यायला गेले की निघताना घरातली बाई मला पाटावर बसवून ओटी भरायची. "मॅडम घरी आल्या आणि रिकाम्या कशा जातील?" नारळ, तांदूळ, वर ब्लाऊजपीस. ओटीला नाही म्हणता येत नाही, आणि एकदा पदरात नारळ पडला की फी मागायला तोंड उघडत नाही. माझ्याबरोबरच्या पुरुष सल्लागारांना ही भानगड नव्हती. त्यांना निदान पाकीट मिळायचं. मला मोपेडच्या मागं द्राक्षाची पेटी बांधून मिळायची. द्राक्षं खाऊन खाऊन माझ्या दोन्ही मुलींचे घसे बसले, पण घरात रोख काही येईना.

मी शेतकी कॉलेजची पदवीधर. नव्वदीच्या दशकात नाशिकमध्ये शेती औषधांच्या एका दुकानात सात वर्षं काउंटरवर उभी राहिले. या धंद्याची रीत अशी, की सल्ला फुकट आणि बाटली विकत. शेतकरी पिशवीतून रोगट पान काढायचा, मी ते उजेडात धरायची, रोग सांगायची आणि फडताळातून औषध काढून द्यायची. माझी विद्या त्या बाटलीच्या किमतीत कुठंतरी विरघळलेली असायची. एक दिवस एका शेतकऱ्याला मी खरं तेच सांगितलं, "काही मारू नका, दोन दिवस ऊन पडू द्या, आपोआप आटोक्यात येईल." तो खूश होऊन गेला. शेठ मात्र गल्ल्यावरून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. रिकाम्या हातानं कसं? मी सांगितलं ते काय हवेत गेलं? त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. स्वभावच तसा, काय करणार.

आता निव्वळ सल्ला विकायचा, असं ठरवलं. सुरुवातीला नुसत्या बागा फिरले, ते ओटीचे दिवस; विकायचा म्हणजे हातात काहीतरी द्यायला हवं, एवढं त्या ओटीनं मला शिकवलं. म्हणून मी पुढच्या हंगामासाठी एक वेळापत्रक तयार केलं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत कुठल्या दिवशी कुठली फवारणी, किती पाणी, कुठलं खत, सगळं चार पानांत. टंकलेखन करून घेतलं, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. मला ते इतकं देखणं वाटलं की मी ते उशाशी घेऊन झोपले असते.

पहिलं वेळापत्रक निफाडकडच्या एका मोठ्या बागायतदारांनी घेतलं. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. रोख पैसे देऊन घेतलं. मी हवेत. महिनाभर त्या गावातून दुसरं कुणीच आलं नाही, तेव्हा मी स्वतःच गेले. पाहते तर काय, ज्या बागेत जावं तिथं खोपीच्या कुडाला माझी चार पानं खिळ्याला लटकलेली. आप्पांनी तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढल्या होत्या, आणि चोरून नव्हे, मोठ्या मनानं. चहा पाजत मलाच सांगतात, "मॅडम, तुमचं काम लय बेस. म्हटलं, आख्ख्या गावाचं भलं होऊ द्या." मी कपाळाला हात लावला. भांडू कुणाशी? माणसाच्या मनात पाप नव्हतं.

पुढं आणखी मजा. डिसेंबरात ढग आले आणि पाऊस पडला. वेळापत्रक आप्पांच्या बागेच्या छाटणीच्या तारखेवर बेतलेलं. ज्यांनी पंधरा दिवस पुढं-मागं छाटणी केली होती, त्यांनीही तीच तारीख बघून तीच फवारणी मारली. कुणाची फुलं गळाली, कुणाच्या मण्यांवर डाग पडले, आणि ज्यांनी मला दमडी दिली नव्हती ते सगळे मला नावं ठेवू लागले. "मॅडमच्या कागदानं वाट लावली." त्या दिवसांत मी बाजारात गेले तरी मान खाली घालून चालायची.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तेव्हा शेठचा निरोप आला, की दसऱ्याला काउंटरची जागा भरतोय, यायचं तर आधी कळवा. शेठ माणूस वाईट नव्हता, त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. पण ते दार बघून मला रात्र-रात्र झोप यायची नाही. माझे यजमान हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ते आवाज न चढवता म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर जमलं. नाही तर काउंटर." एका पगारावर सिडकोच्या घराचे हप्ते आणि दोन मुली, त्यांचंही चुकत नव्हतं. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

भांडी आदळतानाच डोकं चालतं माझं. मी विकलं काय, तर जे कुणाच्याही खोपीत टांगता येतं ते. मग असं काय आहे जे एकाच बागेचं असतं, शेजारच्या बागेचंही नसतं? उत्तर मला कॉलेजातच शिकवलं होतं. द्राक्षाच्या काडीवर ओळीनं डोळे असतात, आणि पुढच्या हंगामाचा घड त्यांतल्या काहींमध्येच आधीपासून तयार होऊन बसलेला असतो. कुठल्या डोळ्यात, ते उन्हावर, पाण्यावर, बागेवर ठरतं. छाटलेल्या काडीचे टोकाकडचेच डोळे फुटतात, म्हणून छाटणी त्या डोळ्याच्या लगेच वर केली तर घड, चुकली तर नुसता पाला आणि वेलीचे वळवळते तणावे. आणि आमच्याकडे छाटायचे कसे? वडील सातव्या डोळ्यावर छाटायचे म्हणून सातव्यावर.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला, दोन डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक यजमानांनी मिळवून आणला. त्याची एक काच बसवून घेतली. घराच्या दारावर पाटी लावली: काडी तपासून मिळेल, फी आधी. "फी आधी" दोनदा पुसलं आणि दोनदा परत लिहिलं, खोटं कशाला बोलू.

गणपती बसायच्या आधीच आप्पा आले, यंदा छाटणी लवकर धरायची म्हणून ओल्या गोणपाटात काड्यांची जुडी घेऊन. पाटी वाचून हसले. "मॅडम, याची पण झेरॉक्स मारू का?" मी म्हटलं, "मारा की. आधी फी." त्यांनी दिली. मी ब्लेडनं एकेक डोळा कापून भिंगाखाली धरला. सातवा रिकामा, आठवा रिकामा. नवव्यात आणि दहाव्यात मात्र बाजरीच्या बारक्या कणसासारखा घड स्पष्ट बसलेला. आप्पांच्या काड्या वाढत होत्या तेव्हा, मे-जूनला, सगळं आभाळ भरलेलं होतं, त्याचा हा परिणाम. मी कागदावर लिहून दिलं: नवव्या-दहाव्या डोळ्यावर छाटा.

आप्पांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बागेत गेले, तिथं सुरगाण्याकडून छाटणीची टोळी आलेली होती. त्यांचा मुकादम काडी हातात धरून म्हणाला, "बाई, एवढी लांब काडी कोणी ठेवत नाही." आप्पा माझ्याकडं बघतात, मी आप्पांकडं. मला माहीत होतं, ही बाग फसली तर मला दसऱ्याची वाटसुद्धा बघायची गरज नाही. मी म्हटलं, "छाटा." माझ्याच आवाजाची मला भीती वाटली.

मधले वीस दिवस मी जेवले काय आणि झोपले काय, आठवत नाही. मग एका सकाळी आप्पा स्वतः मोटारसायकलवर आले आणि मला म्हणाले, "चला." बागेत गेले. फूट वीतभर आली होती आणि जवळजवळ प्रत्येक फुटीला घड, कुठं कुठं दोन-दोन. मी तिथंच ओळीत मातीत बसले आणि रडले. आप्पा तोंड फिरवून उभे राहिले. मुकादम एकटाच हसत होता, जणू त्यानंच सगळं सांगितलं होतं.

पण खरं काम केलं ते शेजाऱ्यानं. त्यानं आप्पांच्या रिपोर्टची झेरॉक्स काढून, माझ्याकडं न येता, आपल्या बागेत नवव्या-दहाव्यावर छाटून बघितलं होतं. त्याच्या काड्या आधीच्या कडक उन्हात तयार झालेल्या, त्याच्या बागेत घड पाचव्या डोळ्यात होते. नशीब, त्यानं चारच ओळी छाटल्या होत्या. त्या चार ओळींत पाला असा की गाय हरवावी, आणि घड शोधून सापडेना. सगळा गाव आधी आप्पांची बाग बघायचा आणि मग बांध ओलांडून त्या चार ओळी. मी हजार पत्रकं वाटली असती तरी एवढी जाहिरात झाली नसती.

छाटण्या अजून बऱ्याच जणांच्या राहिल्या होत्या. नवरात्र बसलं तशी माझ्या जिन्यात माणसं बसू लागली. प्रत्येकाजवळ ओल्या गोणपाटाची जुडी, वर चिठ्ठी बांधलेली. तो शेजारीही आला, पहिल्या पायरीवर, मान खाली घालून. मी त्याला पाणी दिलं. फी मात्र आधी घेतली. यजमान शाळेतून आले की वहीत नंबर टाकायचे आणि मुली जुड्यांवर पाणी शिंपडायच्या. कुणी नारळ आणला तर मी हसून घ्यायची, देवापुढं ठेवायची आणि म्हणायची, "आता फी." ते आता अगदी सरळ तोंडातून निघायचं.

दसऱ्याच्या दिवशीही सुट्टी घेता आली नाही. दुपारी बारा-साडेबाराचा सुमार असेल, मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते आणि जिन्यातून शेठचा आवाज ऐकू आला. सोनं द्यायला आले होते, आणि जागेचं विचारायला. पण त्यांना वर येता येईना. पायऱ्यांवर त्यांचीच जुनी गिऱ्हाइकं बसली होती.

"शेठ, लाईनीत या," कुणीतरी म्हणालं.

"अहो, मला काडी नाही दाखवायची," शेठ म्हणाले. "मला बाईंशी जरा बोलायचंय."

त्यावर, सोनं द्यायला आलेल्या आप्पांचा आवाज आला, शांत, समजावणीचा. "शेठ, इथं बोलायचीच तर फी हाय."

जिना हसला. मी आतून सगळं ऐकलं, पण उठून बाहेर गेले नाही. यजमानांनी वहीत शेठचं नाव लिहिलं, आणि त्यांच्या आधी अजून चौदा जण होते.