तांब्यापुरती हमी

हुदा कशात पीएचडी करतेय हे राजिवड्यात समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच. तिची सासू हफीजा सरळ सांगून मोकळी व्हायची, "टाकी भरत्ये ती." आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

टाकीतलं पाणी सतत खालच्या पिंपात गळायचं, आणि ते परत वर चढवायला दोन पंप होते. एरवी छोटा चालायचा, पाणी एकदम घटलं की मोठा. कुणाची पाळी कधी, ते पंपांना जोडलेली एक इलेक्ट्रॉनिक डबी ठरवायची. सुटे सुटे दोन्ही पंप गुणी; पण भराभर अदलाबदल केली की पाणी असं उसळायचं, की सगळी पडवी धुऊन निघायची. दोन सुगरणी एकच कालवण चव मुरायच्या आत आळीपाळीनं सुधारायला लागल्या तर काय होईल? तेच. हुदानं सिद्ध केलं होतं ते असं: एकदा बदल केला की ठरावीक वेळ थांबायचं. मग बाहेरून तांब्याभर पाणी कमीजास्त झालं, तरी पातळी टाकीवरच्या दोन लाल रेघांच्या आतच राहील. हलेल, पण आतच.

आज शेवटची परीक्षा होती. कॉलेजात डागडुजी चाललेली, म्हणून टाकी घरच्या पडवीत आणि परीक्षक लॅपटॉपवर. पाण्यानं रेघ ओलांडली की प्रबंध परत, आणि पुन्हा वर्षभर तेच दळण.

ती समीकरण समजावत होती, तेवढ्यात मागून हफीजा आली, टाकीत तांब्या बुडवला आणि निघूनही गेली.

पाणी खाली गेलं. मोठा पंप घुरघुरला, पाणी चढत चढत वरच्या रेघेच्या जवळ पोचलं. हुदाचा हात बटणावर गेला. बंद करावा का? पण थांबायचं, हे तर तिनंच लिहिलं होतं. तिनं हात मागे घेतला. पाणी रेघेखाली जरा थरथरलं, छोटा पंप सुरू झाला आणि सगळं निवांत झालं.

"हा धक्का तुम्ही ठरवून दिलात?" परीक्षकांनी विचारलं.

हो म्हणायचा मोह झाला तिला. "नाही सर. सासूबाई. नळाला पाणी नाही आणि बांगडे धुवायचेत."

परीक्षक खदखदून हसले. "पुन्हा एकदा देतील का?"

हुदानं हाक मारली. हफीजा हंडा घेऊन आली.

"अम्मी, हंडा नको. माझी हमी तांब्यापुरती आहे."

"आणि हंडाच घेतला तर?" परीक्षकांनी विचारलं.

"मग रेघाही त्याच हिशेबानं एकमेकींपासून लांब माराव्या लागतील, सर."

हफीजानं कुरकुरत तांब्याच घेतला. पाणी हललं, आतच राहिलं.

"अभिनंदन, डॉक्टर हुदा," परीक्षक म्हणाले.

हुदाचे डोळे भरून आले.

"झालं ना गो?" हफीजा मागून म्हणाली. "मग आता हंडा भरू?"

"भरा अम्मी," हुदा म्हणाली. "आख्खी टाकी न्या."