नोंदवहीतला बोकड

माळशिरसकडच्या आमच्या गावात एक तरुण मंडळ होतं. इतर गावांतली मंडळं वर्गणी आणि गुलालावर चालत. आमच्या अध्यक्षांना मात्र समाजसेवेचा नाद होता. ते डेअरीत कामाला होते, चाळिशीला आले होते आणि तरीही तरुण मंडळात होते. त्यांनी शाळेतल्या पोरापोरींना एकेक शेळी पाळायला दिली. अट एकच: शेळी व्याली की पहिली पाट, म्हणजे मादी करडू, मंडळाला परत. ती यादीतल्या पुढच्या नावाला मिळायची. बोकड झाला तर तो पाळणाऱ्याचा.

माझं अक्षर चांगलं, म्हणून सातवीतच मी सचिव झाले. श्रमदानाच्या पाळ्या, लसीकरणाचे दिवस, झाडांना पाणी कोणी घालायचं, सगळं आखून दिलं. एकाने पाट द्यायला आठवडाभर उशीर केला, तेव्हा त्याला बैठकीत उभं करून नियम मोठ्याने वाचून दाखवला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. खरं तर अजूनही थोडा वाटतो.

मग माझी शेळी व्याली. एकच करडू, काळंभोर, एक कान पांढरा. पाट. तिसऱ्या दिवशी ती माझ्या मांडीवर झोपली. चौथ्या दिवशी मी नोंदवहीत लिहिलं, 'बोकड, एक.' कागदावर लिहिलं की ते खरं होतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. गावात शेळीच्या शेपटीखाली बघणारे डोळे शंभर असतात, ही बाब माझ्या नियोजनात बसलीच नव्हती.

यादीत माझ्यानंतर वर्गातलीच एक मुलगी होती, टेम्पोवाल्याची. तिने काट्याकुट्यांचा गोठाही करून ठेवला होता. "बोकड झाला गं," मी तिला सांगितलं.

तीन महिन्यांनी अध्यक्ष घरी आले. करडाकडे बघून म्हणाले, "सचिव, बोकड लई देखणा हाय की! चालतोय बी कसा, नव्या नवरीगत."

"व्हय," मी म्हणाले.

पुढच्याच बैठकीत त्यांनी विषय काढला. "रविवारी तळ्यातला गाळ काढायचा. जेवणाला सचिवांचा बोकड. पसंत असंल त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. माझ्याशिवाय फक्त टेम्पोवाल्याच्या मुलीचा गेला नाही.

"दादा, लहान हाय अजून," मी म्हणाले.

"कवळं मटण झ्याक लागतं."

"आजारी हाय."

"मग रविवारची वाट कशाला बघायची? आजच उरकू."

"दादा, ती पाट हाय!"

सगळी बैठक खदाखदा हसली. पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. "मग नियम वाचा की, सचिव. मोठ्यानं."

मी वाचला. उभी राहून.

संध्याकाळी दावं धरून टेम्पोवाल्याकडे गेले. काय खाते, कधी खाते, कशाला घाबरते, अशी अकरा मुद्द्यांची यादी सोबत होती. मुलीच्या आईने ती वाचली आणि म्हणाली, "बाय, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या हायेत." मुलीने फक्त एक विचारलं, "हाक काय मारू?"

मी करडाचं एक नाव ठेवलं होतं. नियमात तशी सोय नव्हती, म्हणून ते कुणाला सांगितलं नव्हतं. "तूच ठेव," मी म्हणाले.

आठवडाभराने ती मुलगी विहिरीपाशी उभी राहून कुठल्यातरी भलत्याच नावाने हाक मारत होती, आणि पाट उड्या मारत तिच्याकडे चालली होती.