उलटं सारवण

“मांगे फिर वं. तुना पायना ठसा रही ग्यात.”

बाळंतिणीच्या घरातली म्हातारी मला सांगत होती. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणायचे. मी मागच्या दारात उभी. हात शेणानं भरलेले. थोड्या वेळापूर्वी याच हातांनी मी तिच्या सुनेला मोकळं केलं होतं.

आमच्या मांगवाड्यात दाईपण सासूकडून सुनेकडे येतं. सासू वारली आणि धरणगावच्या बाजूच्या आमच्या गावात मी बाळंतपणाला पहिल्यांदा एकटी गेले. नाळ कापायची, वार पुरायची, शेवटी बाळंतिणीची खोली सारवायची, एवढं मला ठाऊक. सारवताना दाराकडे उलटं सरकत जायचं, म्हणजे आपली पावलं आपल्याच हातानं पुसली जातात, हे सासूनं कधी सांगितलंच नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. मी सारवून उठले आणि ओल्या जमिनीवरून सरळ चालत बाहेर आले.

“तुनी सासू कशी जाये? मांगे-मांगे. बठ्ठं घर बाटी गयं.”

सगळं घर बाटलं म्हणे. मी परत आत गेले. गुडघ्यांवर बसले. एकेक पाऊल पुसत उलटी बाहेर आले. अक्का दारातूनच गोमूत्र शिंपडत होती. मग तिनं तेच बोटानं नातवावरही शिंपडलं.

ते पोर जन्मलं तेव्हा निळं पडलं होतं. रडेना. मी त्याच्या तोंडाला तोंड लावून घाण ओढली, थुंकली, फुंकर घातली, तेव्हा कुठं रडलं. माझा श्वास त्याच्या छातीत जात होता तेव्हा बाट कोणाला आठवली नाही. रडू ऐकल्यावर आठवली. दारात अक्कानं वरून पदरात ज्वारी टाकली. मी मुकाट्यानं घेतली. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढचे दहा दिवस बाळंतिणीलाही कोणी शिवत नव्हतं. तिचं अंग चोळायला, कपडे धुवायला मीच. जाताना रोज उलटं सारवण. दोघीही ओवळ्या, एकाच खोलीत. अकराव्या दिवशी ती न्हाली आणि चुलीपाशी जाऊन बसली. मीही सकाळी न्हाले होते. लुगडं धुतलेलं होतं. दाराशी पोचले तर अक्का म्हणाली, “दूर सरक वं.”

तेव्हा डोकं तडकलं. रक्ताची बाट असती तर दोघींचीही सुटली असती. तिची पाण्यानं सुटली. माझी सुटूच नये, अशी यांची सोय होती. त्यांना वर राहायचं तर कुणीतरी खाली हवं, आणि ते कुणीतरी मी.

तीन वर्षांनी त्याच सुनेनं पुन्हा मला बोलावलं. मुलगी झाली. नाळ कापली, वार पुरली, खोली सारवली. या वेळी आतल्या कोपऱ्याकडे सरकत सारवली. मग उठले, ओल्या जमिनीवर पाय रोवत सरळ चालत निघाले. मागच्या दारानं नाही. ओसरीवरून, पुढच्या दारानं.

अक्का आडवी आली. “पुस पह्यले.”

मी उंबऱ्यावरूनच म्हणाले, “जेले बाट लागस, अक्का, तेनी पुसी टाकानं.”

पुसणार कोण? माझी पावलं पुसली तर त्यांचेच हात बाटणार. घरातलं कोणी खाली बसेना. सांजेच्या आत पावलं पुसायला माझ्या जावेला बोलावणं आलं. मी दारात उभी राहिले, जायचं नाही म्हणाले. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस आला. तेव्हाही मांगवाड्यातलं कोणी उठलं नाही. ती पावलं तिथंच वाळली.

त्या साली आमच्या घरी त्या दारची ज्वारी आली नाही. मी कापूस वेचायला गेले, बोटं सोलून घेतली.

बाई अडली तर मी आजही जाते. मूल काही कोणाचा अपमान करून येत नाही. पण पुढच्या दारानं जाते आणि पुढच्याच दारानं येते. माझं पाऊल मी पुसत नाही. माझ्या सुनेलाही दाईपण शिकवलं, आणि हे सगळ्यात आधी शिकवलं.