मनगटाला टेकणारा अंगठा

तो १९९८चा डिसेंबर. पुण्याहून मी एकटीच निघाले, समुद्रपूरच्या कमळमावशीला वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला. तिचं अंग (गर्भाशय) बाहेर येत होतं आणि तीस वर्षं तिनं ते लपवलं होतं. मलाही पत्रानं कळवलं, तेही "तुह्या मायले सांगू नको" अशी शपथ घालून.

समुद्रपूरहून मावशीला घेऊन सकाळची एसटी धरली. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. हिंगणघाटच्या स्टँडवर गरम सांभारवडी (सांभार म्हणजे तिकडे कोथिंबीर) मिळाली. मी तीन हाणल्या. मावशीनं एक कशीबशी संपवली. चहा नाही, पाण्याचा घोट नाही. माझ्या आईचीही प्रवासात हीच खोड. "बहिणी शोभता खऱ्या!" मी चिडून म्हटलं.

मग तिनं हळूच सांगितलं. काही प्यायलं की वाटेत लघवी आवरत नाही, म्हणून ती प्रवासात पाणीच टाळायची. बाळंतपणाच्या पंधराव्या दिवशी तिनं कापसाचं गाठोडं उचललं होतं. सासू म्हणाली, तुझ्याच हातानं केलंस. तेव्हापासून मावशी तेच धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि भलतंच सांगितलं: अंगठा वाकवून मनगटाला लावा. मावशीचा सहज टेकला. मला हसूच आलं. आजोळी ही घराण्याची खूण. असे हात वेचणीला चांगले म्हणून आजी कौतुक करायची. माझा टेकत नाही, याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटलं.

बाई म्हणाल्या, बाळंतपणानं, ओझ्यानं हा त्रास होतोच. पण काही घरांत आतले अवयव धरून ठेवणारे धागे जन्मापासून सैल असतात. असा अंगठा ही त्याची एक खूण असू शकते, अर्थात अशा प्रत्येकीला त्रास होतोच असं नाही. आईला, बहिणीला होता का?

"मायले होता," मावशी म्हणाली. "बहिणीचं माहीत नाई. असं कोणी इचारते का?"

आधारासाठी आत रिंग बसवून आम्ही परतलो. "म्हणजे सारं माह्याच चुकीनं नाई झालं?" तिनं तीनदा विचारलं. तिन्हीदा मी नाही म्हटलं. हिंगणघाटला तिनं आपणहून चहा मागवला, अख्खा प्यायली, आणि मला शपथेतून मोकळं केलं.

घरी आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. पुण्यात कधी न बोललेल्या वऱ्हाडीत ती म्हणाली, "कमळलेबी?"

दर उन्हाळ्यात या दोघी एकाच वाकळीत झोपायच्या. आणि मी इतकी वर्षं आईला पाण्यावरून टोचत होते, मेलं माझं तोंड! मी तिचा हात हातात घेतला. अंगठा अलगद वाकवला. टेकला.