माथा कोरा ठेवलेलं पत्र

खोटं काऊन बोलू, इंग्रजी शिकायला मी इंग्रजीसाठी गेलोच नव्हतो. बायको गेल्यापासून तीन वर्षं घरात माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. मूलबाळ नाही, वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं. लोणारच्या बसस्टँडजवळ एक क्लास आहे, तिथल्या मॅडम रोज एकेकाला नावानं उठवून 'हाऊ आर यू' विचारतात असं कळलं. बासष्टाव्या वर्षी फी भरली आणि कॉलेजच्या पोरींच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो.

पहिल्याच आठवड्यात माझं मॅडमशी वाजलं. इंग्रजीत 'मी' वाक्यात कुठंही येवो, मोठ्याच अक्षरात लिहायचा. 'तू' मात्र लहान. म्हटलं, हा कुठला न्याय? मॅडम म्हणाल्या, "काका, नियम आहे. वाद नका घालू, लिहा." लिहिलं. स्वल्पविराम मला कधी जमला नाही, पूर्णविराम मात्र लगेच जमला. माझा स्वभावच तसला, एकदा संपलं म्हटलं की संपलं.

या स्वभावापायीच ताई तुटली. माझी थोरली बहीण, धाड गावात दिलेली. बायकोची तेरवी झाल्यावर ती महिनाभर माझ्याकडे राहिली, दोन वेळा गरम भाकर करून घातली. एक दिवस तिनं स्वयंपाकघर आवरलं, डबे इकडचे तिकडे केले आणि लोणच्याची बरणी घासून उन्हात पालथी घातली. बायकोच्या हातचं ते शेवटचं लोणचं होतं. त्याला बुरशी आली होती, हे मलाही दिसत होतं. तरी शेजारपाजाऱ्यांसमोर मी ओरडलो, "माह्या घरातल्या डब्याले हात लावू नको. तुहं घर धाडले हाये." ती पिशवी भरून निघून गेली. तेव्हापासून ना तिचा फोन, ना माझा.

चूक माझी, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. किती वेळा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

मग मॅडमनी एक दिवस सगळ्यांना पोस्टकार्डं वाटली. आपल्या माणसाला इंग्रजीत पत्र लिहायचं आणि खरोखर टाकायचं. साहेबाला लिहिताना शब्द पुरते लिहायचे, आपल्या माणसाला जोडून लिहिलेले चालतात, गळलेल्या अक्षराच्या जागी वर एक बारीक आकडी द्यायची. मी 'आय ॲम' जोडून 'आयम' केलं आणि पुढं 'सॉरी' लिहिलं. नवल म्हणजे हात अडला नाही. परक्या भाषेत लाज वाटत नाही. पुढं लिहिलं, बरणीच्या बाबतीत तुझी चूक नव्हती. मग लिहिलं, ये. तीन वाक्यं, तीन पूर्णविराम. ताईला इंग्रजी येत नाही, पण शेजारचं कोणीही वाचून दाखवील, मी समोर नसेन, हेच मला हवं होतं.

कच्च्या कागदावर सवयीनं वर श्री लिहिला होता. मॅडमनी तो खोडला. "इंग्रजी पत्राच्या माथ्यावर काही नसतं काका." पुन्हा वाद घातला, पुन्हा हरलो. पोस्टकार्डावर माथा कोरा ठेवला, ताईचं नाव, गाव, जिल्हा सगळं मोठं अक्षर देऊन इंग्रजीत लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर वही घेऊन बसलो होतो. फाटकाची कडी वाजली. ताई उभी होती, केस न विंचरलेले, पायात दोन जातीच्या चपला. माझ्याकडे बघत राहिली आणि तिथंच पायरीवर बसली.

"जित्ता हायेस," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं: पोस्टमननं 'लोणारचं हाये' म्हणून कार्ड तिच्या हातात दिलं. अक्षर अनोळखी, भाषा अनोळखी, आणि वर श्री नाही. आमच्याकडे श्री एकाच पत्रावर गाळतात, कोणी गेल्याचं कळवायच्या. असलं पत्र घरातही ठेवत नाहीत. तिनं ते दारातच फाडलं, सुतकाचं म्हणून डोक्यावरून पाणी घेतलं आणि मला फोन लावला. तो बंद. क्लासमध्ये फोन बंद ठेवायचा असतो, आणि नंतर चालू करायचं मला सुचतच नाही. मला येतात कोणाचे फोन? मग जी गाडी मिळाली तिच्यात बसली.

मी चहा टाकायला उठलो तर म्हणाली, "बस, मी टाकतो." आत जाऊन स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहिली, पण हात पदरात गुंडाळलेले. "साखरेचा डबा तूच काढून दे," म्हणाली. मी डबा काढून दिला.

चहा पिताना ती म्हणाली, "रस्ताभर एकच इचार येऊन राह्यला होता. पत्र लिवलं कोणं असन? तुह्या घरी तं लिवणारं कोणी नाही."

मी तिच्या कपात अजून चहा ओतला.

"होतं काय त्यात?" तिनं विचारलं.

तीन वाक्यं होती. सगळी मला पाठ होती. ती समोर बसली होती, उत्तराची वाट बघत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "क्लासचा अभ्यास."

तिनं कप विसळून पालथा घातला आणि चारच्या बसनं परत गेली. स्टँडवर मी खिडकीखाली उभा होतो. "फोन चालू ठेवत जाय," एवढंच म्हणाली.

फोन आता रात्रंदिवस चालू असतो. क्लास मी सोडला. नवं पोस्टकार्ड आणलंय, वर ठसठशीत श्री काढलाय. त्याच्याखाली तीच तीन वाक्यं मराठीत लिहायची आहेत. आज बारावा दिवस, कार्डावर अजून श्रीच आहे.